कुत्र्याचं नाक वाहायचं थांबत नाही आणि कारणही सापडत नाही, तेव्हा

आधी नुसत्या शिंका. मग एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव, तो हळूहळू घट्ट आणि पिवळसर होतो, आणि एके दिवशी शिंकेबरोबर फरशीवर रक्ताचे बारीक थेंब उडालेले दिसतात. अँटिबायोटिकचा कोर्स होतो, आठवड्याभरात नाक कोरडं पडतं, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. गोळ्या संपून पंधरा दिवस होतात न होतात तोच पुन्हा शिंका. मग दुसरा कोर्स, तिसरा कोर्स. या चक्रात पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी हे लिहिलं आहे.

हे चक्र का फिरतं ते आधी समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. कुत्र्याच्या नाकात केवळ जिवाणूंमुळे सुरू झालेलं दीर्घ दुखणं क्वचितच आढळतं. बहुतेक वेळा आधी दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं: आत अडकलेलं गवताचं कुसळ, बुरशी, गाठ, वरच्या सुळ्याच्या किंवा दाढेच्या मुळाशी झालेला पू, नाकातल्या किडी किंवा अस्तराची ठोस कारण न सापडणारी सूज. जिवाणू मागाहून येऊन त्या जखमेवर वाढतात. अँटिबायोटिक त्यांना हटवतं, म्हणून स्राव कमी होतो. मूळ कारण जागच्या जागी राहतं. त्यामुळे ‘औषधाने बरं वाटलं होतं’ याचा अर्थ ‘निदान बरोबर होतं’ असा होत नाही. एका कोर्सनंतर त्रास परतला, तर दुसऱ्या गोळीऐवजी तपासण्यांबद्दल बोला.

आजपासून वही

रोज दोन ओळी पुरेत, पण रोज. स्राव कोणत्या नाकपुडीतून आला (उजवी-डावी कुत्र्याची, तुमच्या समोरची नव्हे), रंग कोणता, रक्त होतं का, शिंकांचे झटके किती, जेवण किती झालं, रात्री झोप मोडली का. आठवड्यातून एकदा वजन. शिंका आणि घरघर यांचे व्हिडिओ काढून ठेवा, कारण तपासणीच्या टेबलावर कुत्रं हमखास गप्प असतं. विशेषतः ‘उलट शिंक’ सांगून कळत नाही. त्यात कुत्रं मान ताठ करून, कोपरं बाहेर काढून नाकाने जोरजोरात हवा आत ओढतं आणि अर्ध्या-एक मिनिटात पूर्ववत होतं. ती घशाच्या वरच्या भागातून येते, साधी शिंक नाकातून येते. डॉक्टरांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

स्राव एकाच बाजूने सुरू झाला आणि महिन्या-दोन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी येऊ लागला, ही नोंद वहीतली सगळ्यात मोलाची. एका बाजूने सुरुवात म्हणजे कुसळ, दाताचं मूळ, बुरशी किंवा गाठ यांचा संशय वाढतो. पहिल्यापासून दोन्ही बाजू असतील तर सूज किंवा किडी यांच्याकडे आधी लक्ष जातं. हे नियम नाहीत, कल आहेत.

घरी काय पाहता येतं

कापसाचा एक तंतू काढा, अगदी विरळ, फुंकर न घालताही हलेल असा. कुत्रं शांत झोपलं असताना तो एका नाकपुडीसमोर धरा, मग दुसरीसमोर. हवा सुटत असेल तर तंतू श्वासागणिक थरथरतो. एका बाजूला तो ढिम्म राहिला तर ती बाजू बंद आहे. थंड काचेचा तुकडाही चालतो: दोन नाकपुड्यांखाली धुक्याचे दोन ठिपके उमटायला हवेत. हीच चाचणी आठवड्यातून एकदा, त्याच वेळी करा. वाहणारं नाक अचानक कोरडं पडलं आणि त्या बाजूची हवाही बंद झाली, तर ती सुधारणा नाही.

मग चेहरा पाहा. समोरून आणि वरून फोटो काढा: नाकाच्या दांड्यावर किंवा डोळ्याखाली फुगवटा आहे का, एक डोळा जास्त बाहेर आल्यासारखा वाटतो का, त्याच बाजूने पाणी गळतं का. नाकपुडीच्या कडेचा काळा रंग जाऊन तिथे गुलाबी, खपली धरलेली कातडी दिसली आणि दांड्याला हात लावताच कुत्रं डोकं झटकत असेल, तर बुरशीचा संशय बळावतो, खासकरून लांब तोंडाच्या, तरुण किंवा मध्यम वयाच्या कुत्र्यात. साधारण दहा वर्षांच्या आसपासच्या कुत्र्यात चेहरा बदलत असेल तर गाठीकडे बोट जातं. ओठ वर उचलून वरचे सुळे आणि दाढा पाहा, मात्र त्रास देऊन नको. दात बाहेरून स्वच्छ दिसला तरी मुळाशी पू असू शकतो.

रक्त येतं तेव्हा फक्त नाकाकडे पाहू नका. हिरड्यांवर, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके आहेत का? लघवी लालसर आहे का? दोन्ही नाकपुड्यांतून एकदम रक्त आलं, तर नाकाआधी रक्ताचाच विचार करावा लागतो: गोचीडतापाने प्लेटलेट कमी होणं, उंदराचं विष पोटात जाणं, वाढलेला रक्तदाब.

घोळणा फुटला तर

कुत्र्याला खाली बसवा, आवाज कमी करा, बाकीच्यांना खोलीबाहेर पाठवा. घाबरलेल्या कुत्र्याचा रक्तदाब वाढतो आणि रक्त जास्त वाहतं. बर्फ फडक्यात गुंडाळून नाकाच्या दांड्यावर पाच मिनिटं धरा, डोळे सांभाळून. नाकात कापूस कोंबू नका, डोकं मागे करू नका, तोंड दाबून बंद करू नका. नाक रक्ताने भरलेलं असताना तोंडानेच तर त्याला श्वास घ्यायचा आहे. गिळलेल्या रक्ताने दुसऱ्या दिवशी शी काळी होऊ शकते.

दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबलं नाही, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर झाल्या, कुत्रं लडखडलं, फीट आली, किंवा स्वस्थ बसलेलं असतानाही तोंड उघडून ओढून श्वास घेऊ लागलं, तर वेळ न दवडता दवाखाना. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ही एक खूण आजच, कुत्रं बरं असताना, पाहून ठेवा.

तपासण्यांचा क्रम

क्रम चुकला की पैसे, वेळ आणि एखादी भूल वाया जाते.

सुरुवात रक्तापासून: पूर्ण रक्तगणना, प्लेटलेट, यकृत-मूत्रपिंड, रक्त गोठण्याची वेळ आणि रक्तदाब. नाकातून तुकडा काढताना रक्त येणारच, म्हणून ते गोठतं की नाही हे आधी कळायला हवं. जबड्याखालची लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) सुजलेली असेल तर तिच्यातून बारीक सुईने पेशी घेता येतात. त्याला सहसा भूलही लागत नाही आणि कधी कधी तिथेच उत्तर मिळतं.

नाकाच्या स्रावाचं कल्चर (त्यातले जंतू वाढवून ओळखणं) करायचा आग्रह धरू नका. निरोगी नाकातही जिवाणू असतात, बुरशीचे बीजाणू असतात. रिपोर्टमध्ये नावं येतात, त्या नावांवर औषध सुरू होतं आणि चक्र पुन्हा फिरतं.

यानंतरच्या तपासण्या भुलीखाली होतात, आणि शक्य असेल तिथे त्या एकाच भुलीत, या ओळीने कराव्यात: सीटी स्कॅन, तोंड आणि दातांची तपासणी, नाकात घालायची दुर्बीण, शेवटी बायोप्सी (तपासायला तुकडा काढणं). सीटी आधी, कारण दुर्बिणीने किंवा तुकडा काढल्याने रक्त साचलं की चित्रात रक्त कोणतं आणि गाठ कोणती हे वेगळं करता येत नाही. सीटीत नाकातली नाजूक पापुद्र्यांसारखी हाडं झिजलीत का, आणि नाक व मेंदू यांच्यामधलं चाळणीसारखं हाड शाबूत आहे का, हे दिसतं. साध्या एक्स-रेत कवटीची हाडं एकावर एक येतात, त्यामुळे सुरुवातीची गाठ सहज सुटते. सीटीची सोय नसेल तर तोंडात फिल्म ठेवून काढलेला एक्स-रे आणि दातांचे एक्स-रे हा कमी पण उपयोगी पर्याय.

बायोप्सीबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने दोन गोष्टी विचारा. एक, किती तुकडे घेणार? एक-दोन पुरत नाहीत. सहा किंवा जास्त, वेगवेगळ्या खोलीवरून. दुसरी, चिमटा किती आत जाणार? नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजून चिमट्यावर पट्टीने खूण करतात, आणि त्या खुणेपलीकडे चिमटा जात नाही, कारण पुढे ते चाळणीचं हाड आणि त्यामागे मेंदू. घरी आल्यावर तीन-चार दिवस शिंकेतून थोडं रक्त येणं अपेक्षित आहे. उशीखाली जुना टॉवेल घाला, उड्या आणि ओढाओढीचे खेळ बंद.

तपासणीआधी स्टिरॉइड सुरू करू नये, हे ठामपणे सांगावंसं वाटतं. स्टिरॉइडने सूज उतरते, कुत्रं दोन दिवसांत खुलतं, आणि लिम्फोमासारखा आजार (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) बायोप्सीत लपून जातो. आत बुरशी असेल तर ती फोफावते. ‘आधी देऊन पाहू’ असं कुणी म्हटलं, तर ‘त्याने बायोप्सी बिघडेल का?’ एवढं विचारा.

रिपोर्ट ‘फक्त सूज’ म्हणतो तेव्हा

लोक इथे सगळ्यात जास्त खचतात. इतकं सगळं करून कागदावर ‘लिम्फोप्लाझ्मासायटिक दाह’, म्हणजे सुजेच्या पेशींनी भरलेलं अस्तर, एवढंच. या शब्दांचे दोन अर्थ निघतात. एक, खरोखर अस्तराची दीर्घ सूज आहे जिचं कारण सापडत नाही. दुसरा, तुकडे कडेचे आले: गाठीच्या किंवा बुरशीच्या भोवतीचा भागही सुजलेलाच असतो. म्हणून रिपोर्ट एकटा वाचायचा नाही, सीटीसमोर ठेवून वाचायचा. सीटीत हाड खाल्लं गेलंय आणि रिपोर्ट म्हणतो साधी सूज, तर दोघांचं जुळत नाही; पुन्हा बायोप्सी मागणं रास्त आहे. सीटीत हाड शाबूत आहे, स्राव दोन्ही बाजूंनी आहे आणि रक्त कमी आहे, तर ‘कारण न कळणारी सूज’ हे निदान पटण्याजोगं.

अशा कुत्र्यांना आजारातून कायमचं मोकळं करणारं औषध नाही, पण आजार आटोक्यात ठेवता येतो. कुसळ मागे राहिलेलं नाही याची खात्री झाल्यावर डॉक्टर टप्प्याटप्प्याने औषधं लावून पाहतात: किडींवरचा उपचार (सेलॅमेक्टिन पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा, किंवा मिल्बेमायसिन), डॉक्सिसायक्लिन, तोंडातून किंवा मास्कने हुंगवायचं स्टिरॉइड. कॉली आणि तत्सम मेंढपाळ जातींना आयव्हरमेक्टिन हे किडींवरचं दुसरं औषध घातक ठरू शकतं, म्हणून कुत्र्याची जात स्वतःहून सांगा. प्रत्येक प्रयोगाला तारीख लावा: ‘हे औषध तीन आठवडे, त्यानंतर वही पाहून ठरवू.’ एका वेळी एकच बदल. दोन औषधं एकदम सुरू केली आणि फरक पडला, तर कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

कारण सापडलं तर

कुसळ काढलं, कुजलेला दात उपटून टाळूचं भोक शिवलं, की बहुतेक कुत्री सुटतात. बुरशीला जास्त चिकाटी लागते. भुलीखाली आतला बुरशीचा थर खरवडून काढतात, मग १ टक्का क्लोट्रिमाझोलचं द्रावण नाकात भरून साधारण तासभर ठेवतात, आणि सगळीकडे लागावं म्हणून दर पंधरा मिनिटांनी कुत्र्याची कूस बदलतात. एकदा करून भागेलच असं नाही. काही आठवड्यांनी दुर्बिणीने पाहून पुन्हा करावं लागतं. चाळणीचं हाड फुटलेलं असेल तर द्रावण मेंदूपर्यंत जायचा धोका असतो, म्हणून आधी सीटी. नुसत्या इट्राकोनाझोलच्या गोळ्या महिनोन्महिने लागतात, यश कमी, आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. बुरशी गेल्यावरही झिजलेली हाडं परत येत नाहीत, त्यामुळे अधूनमधून नाक वाहणं मागे राहतं. ते पाहून बुरशी परतली असं लगेच समजू नका.

नाकातल्या सगळ्याच गाठी सारख्या नसतात. समागमातून आणि हुंगण्या-चाटण्यातून पसरणारी टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर) ही गाठ नाकात झाली तरी व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुधा पूर्ण जाते. म्हणून ‘गाठ आहे’ एवढ्यावर हात टेकू नका, कोणती गाठ हे कळेपर्यंत थांबा.

कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कर्करोग) असेल तर आकडे स्पष्टच सांगायला हवेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, उपचार न घेतलेल्या १३९ कुत्र्यांच्या अभ्यासात निदानानंतरचं मध्यक आयुष्य ९५ दिवस होतं. नाकातून रक्त येणाऱ्यांत ८८, न येणाऱ्यांत २२४. मध्यक म्हणजे निम्मी कुत्री त्याहून कमी जगली, निम्मी जास्त. तुमच्या कुत्र्याची तारीख तो सांगत नाही. रेडिएशनने हा काळ बऱ्याचदा वर्षाच्या आसपास जातो. पूर्ण कोर्स म्हणजे दहा ते वीस बैठका, प्रत्येक वेळी छोटी भूल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड, डोळ्याची आग, कातडी सोलवटणं. ते पुढच्या काही आठवड्यांत भरतं. मोतीबिंदू किंवा डोळा कोरडा पडणं पुढे होऊ शकतं. फक्त आराम मिळावा म्हणून कमी बैठकांचा कोर्सही असतो, तो नक्की विचारा. एकट्या शस्त्रक्रियेने आयुष्य सहसा वाढत नाही, कारण हाडाच्या कपारींतून सगळी गाठ निघत नाही. काहीच मोठं करायचं नाही असं ठरलं, तरी वेदना आणि सूज कमी करणारी मेलोक्सिकॅम किंवा पायरॉक्सिकॅमसारखी औषधं डॉक्टर देतात. ती स्टिरॉइडसोबत कधीही देऊ नका, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो.

घरची शुश्रूषा

गरम शॉवर सोडून बाथरूम वाफेने भरा आणि कुत्र्याला घेऊन दहा ते पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोनदा. चपट्या तोंडाचं किंवा आधीच धापा टाकणारं कुत्रं असेल तर हे करू नका, उष्णतेने ते आणखी गुदमरेल. त्याला नेब्युलायझरने नुसतं सलाइन बरं. नाकात घालायला निर्जंतुक ०.९ टक्के सलाइन, दोन-तीन थेंब, तेही रक्त येत नसताना आणि कुत्रं चालवून घेत असेल तरच. माणसांच्या काही सलाइन स्प्रेंमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विष आहे, लेबल वाचा. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे नाक मोकळं करणारे थेंब थोड्या प्रमाणातही हृदयाची गती बिघडवतात. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, कापूर, निलगिरी, बाम: काहीही नको.

खपल्या ओढून काढू नका. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मिनिटभर नाकावर ठेवा, खपली आपण होऊन सुटते. मग व्हॅसलिनचा पातळ हात. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. वास येत नसला की कुत्रं जेवण ओळखतच नाही, भांड्यापाशी उभं राहून तोंड फिरवतं. ओलं अन्न अंगाच्या उष्णतेइतकं कोमट करा, पहिला घास बोटावरून ओठाला लावा. चव लागली की बऱ्याचदा पुढचं आपणहून खातं.

झोपेकडे खास लक्ष. दोन्ही नाकपुड्या बंद असल्या की कुत्र्याचा डोळा लागतो, तोंड मिटतं, आणि श्वास अडून ते दचकून उठतं. तोंड उघडं राहावं म्हणून काही कुत्री खेळणं दातांत धरूनच झोपतात. ही गोड सवय वाटते, पण ती वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

ठरवायचं कसं

प्रत्येक मोठ्या तपासणीआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘उत्तर काय येतं त्यावरून आपण पुढे वेगळं काय करणार?’ रेडिएशन तुम्हाला शक्य नसेल, पण बुरशी किंवा कुसळ निघालं तर उपचार करणार असाल, तर सीटीला अर्थ आहे. काहीही निघालं तरी फक्त आराम द्यायचा असं पक्कं असेल, तर म्हाताऱ्या कुत्र्याला ती भूल न देणं हाही पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय आहे, निष्काळजीपणा नव्हे. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात दुसऱ्या बायोप्सीचा आकडाही मागा. शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि सगळे रिपोर्ट, सीटीची मूळ फाइल सोबत न्या, म्हणजे तेच पुन्हा करावं लागणार नाही.

कुत्र्याचे दिवस मोजायला पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची सात मुद्द्यांची मोजपट्टी उपयोगी आहे: वेदना आणि श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, जास्त गुण म्हणजे बरी अवस्था. एकूण ३५ च्या वर असेल तर दिवस बरे चाललेत असं मानतात. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न विचारता गुण द्यावेत. जो रात्री त्याच्याजवळ झोपतो त्याचे गुण आणि जो संध्याकाळी तासभर भेटतो त्याचे गुण फार वेगळे निघतात, आणि घरातलं खरं बोलणं तिथून सुरू होतं. नाकाच्या आजारात श्वास हा मुद्दा बाकी सहांवर भारी आहे. इतर सगळ्यांत गुण चांगले असले तरी झोपेत गुदमरणं रोजचं झालं असेल, तर बेरजेकडे पाहू नका.

दयामरणाची वेळ मोठा घोळणा फुटण्याआधीची निवडणं चांगलं. मध्यरात्री अनोळखी दवाखान्यात, रक्ताने माखलेल्या अवस्थेत तो निर्णय कुणावर येऊ नये. आधी गुंगीचं इंजेक्शन मागा, म्हणजे शेवटच्या इंजेक्शनपूर्वी ते गाढ झोपलेलं असेल. शेवटच्या इंजेक्शननंतर काही सेकंदांत उरलीसुरली शुद्धही हरपते. डोळे उघडेच राहतात, एखादा खोल श्वास घेतल्यासारखी हालचाल होते, लघवी सुटते. यातलं काही त्याला जाणवत नाही. नाकातून थोडा रक्ताळलेला स्राव येईल, तेव्हा हनुवटीखाली घरचा एक गडद रंगाचा टॉवेल घालून ठेवा.